आगाऊ श्रद्धांजल्या

सोमवार, ३ फेब्रुवारी

आजपासून नवी नोकरी आणि नवी वही. ताईचं म्हणणं, मी प्रत्येक नव्या ठिकाणी वही सुरू करते आणि आठव्या पानावर सोडून देते. मी म्हटलं, या वेळी बघच.

संस्था किडनीच्या पेशंटांसाठी काम करते. तळमजल्यावर डायलिसिसचं केंद्र आहे, आठ खुर्च्या आणि आठ मशिनं. वर आमचं ऑफिस: चार टेबलं, एक खिडकी, आणि पाण्याचा एक फिल्टर जो पाण्यापेक्षा आवाजच जास्त देतो. संस्थेचं पेज चालवणं हे माझं काम. पोस्ट लिहायच्या, फोटो टाकायचे, लोकांच्या कमेंटना उत्तरं द्यायची. आधीच्या नोकरीत मी साबण विकायची. त्यापेक्षा हे बरं, निदान आरशात बघताना मान खाली घालावी लागणार नाही.

खरं कारण मात्र वेगळं आहे, आणि वहीशी काय खोटं बोलायचं. इथल्या कर्मचाऱ्याच्या घरच्या माणसाला केंद्रात कायमची खुर्ची मिळते. ताई चार वर्षं डायलिसिसवर आहे. आजवर कधी इथे, कधी तिथे, जिथे जागा मिळेल तिथे दीड-दीड तास प्रवास करून जायची आणि येताना बसमध्ये डोळे मिटून बसायची. आता नवं घर केंद्रापासून चालत सात मिनिटांवर, आणि खुर्ची पक्की. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी आठ ते बारा. आई गेल्यावर हिनेच मला वाढवलं. मला हिच्याशिवाय जवळचं कुणी नाही आणि हिला माझ्याशिवाय. तेव्हा नोकरी टिकवायची म्हणजे टिकवायची.

संस्थेच्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. उंचीने माझ्या खांद्याला लागतात. चित्रं आणि फोटो सजवणारा एक जण आहे, तो दर दोन मिनिटांनी सुस्कारा सोडतो. मी मनातल्या मनात त्याचं नाव उसासे ठेवलंय. माणूस गरीब आहे.

बुधवार, ५ फेब्रुवारी

काम समजलं. महिन्याच्या सगळ्या पोस्ट आधीच तयार करून रांगेत लावायच्या, दिवस आणि वेळ ठरवून. ठरल्या वेळी त्या आपोआप जातात. पेजमागे पावणेदोन लाख माणसं आहेत. मोठ्या बाईंचा एकच दंडक: रोज सकाळी दहाला पोस्ट गेलीच पाहिजे, खाडा चालणार नाही. एखादा दिवस रिकामा राहिला तर राखीव म्हणून ठेवलेली पोस्ट जाते. ती राखीव जागा रिकामी होती. मग मी काय केलं, ताईचीच गोष्ट लिहून तिथे ठेवली.

ताईला फार आवडलं. पिवळ्या स्वेटरमधला फोटो तिनेच निवडला. ती बावीस वर्षं कोर्टात टायपिस्ट होती, त्यामुळे माझ्या मजकुरातल्या सात चुका काढल्या आणि वर म्हणाली, साबण विकत होतीस तेच बरं होतं. हसून हसून पुरेवाट झाली. बऱ्याच दिवसांनी घरात असं हसू आलं.

सोमवार, १० फेब्रुवारी

आज गंमत झाली. गंमत म्हणावी की नाही कोण जाणे.

आमच्या एक शिंपीणबाई आहेत, खालच्या केंद्रात तीन वर्षं येतात. त्यांनी पुन्हा शिवणाचं मशीन चालवायला घेतलं, शेजारच्या मुलींचे फ्रॉक शिवले. चांगली आनंदाची पोस्ट होती. फोटोत बाई दात दाखवून हसतायत. आणि खाली कमेंट काय? भावपूर्ण श्रद्धांजली. भावपूर्ण श्रद्धांजली. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो. एक नाही, दोन नाही, दोनशेच्या वर!

मोठ्या बाई म्हणाल्या, लोक वाचतच नाहीत गं, फोटो दिसला की हात जोडून मोकळे होतात, तू काढून टाक. उसासेने सुस्कारा सोडला. मी दहा-वीस काढल्या आणि कंटाळले. घरी ताईला दाखवल्या, तर तिला राग आला तो भलत्याच गोष्टीचा. निम्म्या लोकांनी श्रद्धांजली चुकीची लिहिली होती. मेल्यावर तरी माणसाला शुद्ध लिहा म्हणावं, म्हणाली.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

शिंपीणबाई गेल्या.

आज सकाळी, घरी, चहा ठेवता ठेवता. ताईने केंद्रातून आल्यावर सांगितलं. दोघी शेजारच्या खुर्च्यांवर असायच्या. मंगळवारी बाई ठणठणीत होत्या, ताईच्या ब्लाउजची बाही कशी चुकली आहे यावर तासभर बोलल्या होत्या.

योगायोग. डायलिसिसच्या माणसाचं हृदय कधीही दगा देतं, हे मलाही माहीत आहे, चार वर्षं तेच उशाशी घेऊन झोपते आहे मी. पण पेज उघडलं तर आज एकही नवी श्रद्धांजली नाही. सगळ्या तीन दिवसांपूर्वीच्या. लोकांचं जे काय करायचं ते करून झालं होतं.

राहवेना, म्हणून सुरुवातीच्या पाच-सहा जणांना संदेश पाठवून विचारलं, की बाई जिवंत असताना असं का लिहिलंत. सगळ्यांनी माफी मागितली. साधी माणसं आहेत, एक किराणा दुकानदार, एक निवृत्त पोस्टमास्तर. सगळ्यांचं उत्तर एकच. आमच्या आधी बऱ्याच जणांनी लिहिलं होतं, ते बघून आम्ही लिहिलं. मग मी यादीच्या अगदी तळाशी जाऊन सगळ्यात पहिली कमेंट शोधली. एका नर्सरीच्या शिक्षिकेची होती. तिनेही तेच लिहिलं. माझ्याआधी पंचवीस-तीस तरी होत्या हो.

तिच्याआधी एकही नाही. मी तीनदा बघितलं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

आज मास्तरांची पोस्ट होती. निवृत्त गणिताचे मास्तर, एकाहत्तर वर्षांचे, खुर्चीवर बसून शेजाऱ्यांना पाढे विचारतात. दहाला पोस्ट गेली, दहा वाजून चार मिनिटांनी पहिली श्रद्धांजली.

मी कामाला लागले. आली की काढ, आली की काढ. अकराच्या सुमाराला मास्तर स्वतःच जिना चढून वर आले, हातात फोन. म्हणाले, मी कधी मेलो ते मला तरी कळवायचं होतंत. सगळं ऑफिस हसलं. ते माझ्या शेजारी बसले, अर्धा कप चहा घेतला, त्यांना तेवढाच चालतो. मोठ्याने कमेंट वाचून दाखवत होते आणि एकेकाला मार्क देत होते. मग मला मोठ्या बाईंनी आत बोलावलं. दहा मिनिटं गेली असतील. बाहेर आले तर मास्तर छातीवर हात ठेवून बसले होते, चेहरा राखेसारखा. स्क्रीनवर नव्या नव्वद आल्या होत्या. मी बसले आणि भराभर काढायला लागले. शेवटची काढली तसा मास्तरांनी मोठा श्वास घेतला आणि म्हणाले, पित्त असेल.

मी ताईला काही सांगितलं नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

सकाळी मी शहाणपणा केला. काढत काय बसायचं, पोस्टच उडवून टाकली. ना रहेगा बांस म्हणतात तसं. अर्धा तास इतकं हलकं वाटलं.

लोकांनी फोटो आधीच उतरवून घेतला होता. आपापल्या पेजवर टाकला, गटागटांत फिरवला. आमचे लाडके मास्तर गेले. दुसऱ्याच्या पेजवरची कमेंट मला काढता येत नाही. नुसती बघत बसले. हजारांनी होत्या.

मास्तर दुपारच्या पाळीत मशीनवर असतानाच गेले. खालून धावपळीचा आवाज आला, आणि मला आधीच माहीत होतं. मी जिन्यात बसून रडले. पोस्ट पेजवर राहू दिली असती तर मी काढत तरी राहिले असते. माझ्या हाताने घालवलं मी त्या माणसाला.

गुरुवार, २० फेब्रुवारी

मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्या वाईट नाहीत. उठून माझ्या पाठीवर हात ठेवला, म्हणाल्या, बाळा, या कामात सुरुवातीला असं होतं, मरण जवळून बघायची सवय नसते, दोन दिवस सुट्टी घे. आणि जाता जाता, पण दहाची पोस्ट चुकवू नकोस हं.

मी रांग उघडली. पुढच्या महिनाभरात नऊ पेशंट. शनिवारी एक बाई आहेत, जुळ्या मुलांची आई, भावाने किडनी दिली म्हणून वाचलेली. फोटोत दोन्ही पोरं तिच्या मांडीवर. मी तिची पोस्ट काढली. मग उरलेल्या आठही काढल्या. त्यांच्या जागी पाणी किती प्यावं, मीठ किती खावं असलं काहीबाही भरलं. शनिवारचं लिहायचं राहिलंय, उद्या लिहीन. नऊ माणसं वाचवली. आज पहिल्यांदा पोटभर जेवले.

जेवताना ताईलाही सांगून टाकलं. ती आधी हसली, मग माझा चेहरा बघून थांबली. म्हणाली, अगं, तू शिकलेली ना? आणि माझ्या ताटात स्वतःची पोळी वाढली. लहानपणी मी घाबरले की अशीच वाढायची.

शनिवार, २२ फेब्रुवारी

काल दिवसभर ताप होता. झोपून होते. शनिवारचं लिहिलंच नाही.

आज सकाळी मी ताईबरोबर केंद्रात, तिच्या खुर्चीशेजारी स्टुलावर. तिने हाताला सुया लावून घेतल्या, शब्दकोडं काढलं. दहाच्या ठोक्याला माझा फोन थरथरला. पोस्ट गेली. मला वाटलं, कुठली गेली? आज तर काही नव्हतंच.

आज काही नव्हतं म्हणूनच गेली. राखीव.

पिवळ्या स्वेटरमधली माझी ताई. मीच लिहिलेली, मीच ठेवलेली, मीच शनिवार रिकामा करून तिला पाठवलेली. त्या जुळ्यांच्या आईच्या जागी. देवा, काय केलं मी हे. ताई विचारत होती, सहा अक्षरी शब्द, अर्थ घाई.

दहा वाजून दोन मिनिटांनी पहिली आली.

रविवार, २३ फेब्रुवारी

पोस्ट उडवायची नाही. मास्तरांचं बघितलंय. आपल्याच पेजवर ठेवायची आणि येईल ती काढायची. काढत राहिलं की ताई बरी असते. सकाळी आंघोळीला गेले, सात-आठ मिनिटं, बाहेर आले तर ताईला उठता येईना, पाय सुजून खांबासारखे. सगळ्या काढल्या. तासाभराने ती स्वतः उठून चहा करायला गेली.

मी आंघोळ करणार नाही. काय फरक पडतो.

ताई म्हणते, फोन ठेव आणि जरा माझ्याशी बोल. मी हो म्हणते. बोलतेही, पण मान वर करत नाही.

सोमवार, २४ फेब्रुवारी

कमेंट बंद केल्या. साधी गोष्ट, एक बटण. आधीच कसं सुचलं नाही? लिहायला जागाच नाही म्हटल्यावर कोण काय लिहिणार. ऑफिसला आजारी असल्याचं कळवलं. फोन पालथा घातला. ताईला म्हटलं, चल, आज तुझ्या केसांना तेल लावते.

अकरा वाजता दारावरची बेल वाजली. ताईनेच दार उघडलं.

खालच्या मजल्यावरच्या काकू. हातात पांढरी फुलं. ताईकडे बघत होत्या आणि तरी बघत नव्हत्या. हळू आवाजात म्हणाल्या, बहीण गेल्याचं कळलं, फार वाईट झालं, कधी आणणार आहेत? ताई म्हणाली, काकू, अहो मीच ती. काकूंनी मान हलवली, म्हणाल्या, हो, हो, धीर धरा, आणि फुलं तिच्याच हातात देऊन गेल्या.

मग दूधवाला. मग दोन बाया, ओळखीच्या नाहीत. मग एक म्हातारा, चप्पल बाहेर काढून आत येऊन भिंतीला टेकून बसला. जिन्यावर आणखी होते. कुणी आवाज करत नव्हतं. ताईला ओलांडून आत बघत होते. ती सगळ्यांना सांगत होती, अहो मी आहे, मी इथेच आहे. तिचा आवाज बारीक होत गेला.

मी कमेंट पुन्हा सुरू केल्या. एकेक जण उठला आणि गेला. म्हाताऱ्याने जाताना ताईच्या पायाशी फूल ठेवलं.

ताई खाली बसली ती उठलीच नाही बराच वेळ. मग म्हणाली, मला भीती वाटते गं. चार वर्षांत एकदाही म्हणाली नव्हती.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

काढतेय. केंद्रात, स्टुलावर. अंगठा सुजलाय, आता मधल्या बोटाने काढते. मोठ्या बाई खाली आल्या होत्या. म्हणाल्या, तुझ्या ताईच्या पोस्टला केवढा प्रतिसाद आहे बघ, कधी नव्हे एवढा. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मग म्हणाल्या, चांगली होती हो.

होती.

खुर्चीत बसलेली ताई त्यांच्याकडे बघत होती.

बुधवार, २६ फेब्रुवारी

मावशीचा फोन. रडत होती. मी ओरडले, मावशी, ती इथे बसलीय, घे बोल तिच्याशी. ताईने फोन घेतला, म्हणाली, मावशी, मी बोलतेय. पलीकडे मावशी नुसती रडत होती. म्हणाली, आवाज अगदी तिच्यासारखा आहे गं तुझा.

चार मिनिटं गेली त्यात. चार मिनिटं मी काढल्या नाहीत. ताईच्या ओठांना निळी झाक.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

मोठ्या हॉस्पिटलात आणलं. छातीत पाणी. डॉक्टर म्हणतात हृदय थकलंय. मी विचारलं, कशाने? ते म्हणाले, अशा पेशंटचं होतं असं. कागदावर तारीख लिहिताना अडखळले, आजची की— आणि मग खोडून पुन्हा लिहिली.

आता वेगाने येतात. मी दहा काढते तोवर पंधरा. सगळ्यांचं तेच, दुसऱ्यांचं बघून लिहिलं. कोण दुसरे? कुठे आहेत ते दुसरे?

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

वीस काढते तोवर पन्नास—

ताईने नाव घेऊन हाक मारली. दोनदा. मी ऐकलं. एवढं पान संपवते म्हटलं. पान संपत नाही.

ती म्हणाली, तुझा चेहरा कसा दिसतो ते विसरायला झालंय.

शनिवार, १ मार्च

सकाळचे साडेनऊ. फोन बंद पडला. सिस्टर चार्जिंगला घेऊन गेल्या, दहा मिनिटं म्हणाल्या. हात रिकामे ठेववत नाहीत म्हणून वही. बोट आपोआप हलतंय, कागदावरसुद्धा—

ताई जागी आहे. आठ दिवसांत पहिल्यांदा नीट बघितलं तिच्याकडे. इतकी कधी वाळली? कानामागे केस पांढरे झालेत. तेल लावायचं राहिलं.

तिने हात पुढे केला. धरलाय. डाव्या हाताने. गार आहे, पण पकड घट्ट. म्हणते, बस अशीच. काही नको करूस. फोन आला तरी घेऊ नकोस. मला नुसतं कुणीतरी बघत बसायला हवंय, म्हणते, सगळे माझ्या आरपार बघतात—

बघतेय ताई. बघतेय.

सिस्टरनी फोन आणून दिला. मांडीवर. सुरू होतोय. पंधरा मिनिटं झाली, किती आल्या असतील, पाचशे, हजार— ताई नको म्हणतेय. राहू दे गं, म्हणतेय. सोडत नाहीये हात. एक मिनिट ताई. तुझ्यासाठीच ना हे. एकच मिनिट—

सोडवून घेतला.

उघडलं.

एकही नाही. नवी एकही नाही! पुन्हा बघितलं. खाली ओढून पुन्हा. थांबल्या. आठ दिवसांत पहिल्यांदा थांबल्या, सगळ्या थांबल्या, देवा, जिंकले मी, ताईला सांगते— ताई, ऐकलंस का, एकही— डोळे मिटलेत तिचे. हात तसाच आहे, पुढे केलेला, उघडा. ताई. सिस्टर अशा धावत का